ज्या बाजूला आवाज नाही

१

सकाळी उठून माझं पहिलं काम म्हणजे ह्यांना खांद्याला हलवून जागं करणं. हाक मारून उपयोग नसे. तुमसरच्या राईस मिलमध्ये ह्यांनी उभं आयुष्य इंजिनापाशी काढलं आणि इंजिनानं ह्यांचे कान नेले. डावा तर पार गेला. उजव्याशी तोंड नेऊन बोललं तर थोडंफार पोचायचं. पण बाहेर हे कुणाला कळू द्यायचे नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघायचे, मान डोलवायचे, हसायचे. लोक म्हणायचे, सुखराम मोठा शांत माणूस.

एकदा मिलमध्ये पट्टा घासून जळायला लागला. तो किंचाळत होता म्हणे, पण धूर दिसेपर्यंत ह्यांना पत्ता नाही. मालक भय्याजी रागावले नाहीत. "आराम कर आता, सुखराम," एवढंच म्हणाले आणि ह्यांना इंजिनावरून काढून पोती शिवायला बसवलं. त्या आरामानं ह्यांची झोप गेली. घरी आले तरी बोटं दाभण धरल्यासारखी मिटलेली असायची. जेवताना मी ती हळूच उघडून द्यायची.

अशात भय्याजींनी साहेबाची गाडी बाहेर काढली.

नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरचा इंग्रज साहेब देश सोडून जाताना ती भय्याजींच्या वडलांना विकून गेला होता. दोनच माणसांची, बुटकी, तांबडी मोटार. टप मागे दुमडायचा, चाकांना सायकलसारख्या तारा. भय्याजी तिला कौतुकानं स्पोर्ट्स कार म्हणत. वडील वारल्यापासून ती कोंड्याच्या गोदामात पडून होती. आता नागपूरचा एक शौकीन माणूस ती घ्यायला तयार झाला. ह्यांनी खपून इंजिन चालू केलं. गिऱ्हाईक आलं, चक्कर मारून उतरलं आणि म्हणालं, गाडीत कुठंतरी टकटक वाजतं. आवाज काढा, मग नेतो.

भय्याजी ह्यांना म्हणाले, "सुखराम, तेवढा आवाज काढून दे राजा. मंग इंजिनावर तूच. आपला शब्द हाय."

ह्यांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि मान डोलवली. घरी आले आणि बाजेवर बसले. म्हणाले, "जो आवाज मले आयकूच येत नाई, तो म्या काढाचा कसा?"

मग माझ्याकडे बघितलं.

२

असं आमचं फिरणं सुरू झालं. मिल सुरू व्हायच्या आधी, उजाडता उजाडता निघायचं आणि भोंग्याच्या आत परतायचं. ठरलं होतं ते असं: मी शेजारी बसायचं, आवाज आला की ह्यांच्या मांडीवर दोन बोटं ठेवायची आणि कोणत्या बाजूनं आला ते हातानं दाखवायचं.

पहिल्या दिवशी पदर डोक्यावरून घट्ट घेऊन मी त्या बुटक्या गाडीत बसले, तेव्हा शेजारच्या शकुनबाई सडा टाकायच्या थांबल्या.

"काय वो बाई! बुढापनी सासूरवाडी पाहाले निंगाल्या का?"

"गाडीचं काम आहे, शकुनबाई."

"काम तं दिसूनच राह्यलं. आमच्या बुढ्यानं जन्मात सायकलवर नाई बसवलं, अन तुमचा तं टप उघडून नेऊन राह्यला. पदर सांभाळजा, नाई तं चाकात जाईन!"

हे त्यांच्या ओठांकडे बघून हसले. मीही हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो होतो. मला ते फार बरं वाटलं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

फाल्गुन होता. पहाटे गारवा असायचा. गाव मागे पडलं, धानाच्या शेतांची रिकामी बांधी लागली, आणि माझ्या डाव्या कानाशी ते वाजलं.

टक-टक. मग जरा थांबून, टक.

मी बोटं ठेवली आणि डावीकडे हात केला.

"लोखंड का लाकूड?" ह्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी तोंड त्यांच्याकडे करून सावकाश म्हटलं, "लाकूड."

हे खूश झाले. त्या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, हे त्यांनी उघडून पाहिलं होतं. "मंग सांधा ढिला झाला असन. हे तं सोपं हाय," म्हणाले.

३

सोपं नव्हतं. ह्यांनी दारं उतरवून सांध्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे भरले. डिकीतला जॅक काढून ठेवला, जादा चाक काढलं. सीटखालच्या फळ्या चिंध्यांनी बांधल्या, चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. दर सकाळी आम्ही निघायचो, आणि बांधी संपून झाडं लागली की ते वाजायचं. कधी डावीकडून. कधी उजवीकडून.

मी शिकलेली बाई आहे, मॅट्रिकपर्यंत. गाडीचं मला कळत नाही, पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. गाडी जोरात गेली की चाकाचा आवाज जोरात धावायला हवा, हळू गेली की मंदावायला हवा. बैलगाडीचंही तसंच असतं. हा आवाज तसा नव्हता. हे गाडी दामटत तेव्हा, आणि खड्ड्यातून रांगत नेत तेव्हाही, तो तितकाच सावकाश असे. टक-टक. टक. जणू त्याचं गाडीच्या चाकांशी काही देणंघेणं नव्हतं.

मी हे ह्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं,

"इंजिन बंद केल्यावर?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. साजाची झाडं होती दोन्ही बाजूंना. मी कान दिला. काही नाही. एक होला घुमत होता.

"बंद," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडून चावी फिरवली. इंजिन धरायच्या आधी, त्या एवढ्याशा फटीत, माझ्या बाजूनं ते एकदाच वाजलं. गाडीतून नव्हे. गाडीच्या वरून, जरा बाजूनं.

मनाला सांगितलं, तापलेलं लोखंड निवताना वाजतं. सुतारपक्षी असतो. मी ते ह्यांना सांगितलं नाही. रात्रभर तळमळलेला माणूस, त्याला आणखी काय सांगायचं.

४

गिऱ्हाईक पुन्हा यायचा निरोप आला तशी ह्यांनी दुसरी तोड काढली. फार थकले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आवाज निंगत नाई," म्हणाले, "तं ज्या रस्त्यानं तो होत नाई, तोच रस्ता शोधू. त्या मानसाले त्याच रस्त्यानं फिरवू. एकडाव गाडी घेतली का मंग त्याची तो जाने."

हे अशी लबाडी करणारे नव्हेत. पण इंजिनासाठी त्यांचा जीव किती तुटत होता ते मला दिसत होतं, म्हणून मी अडवलं नाही.

मग शोध सोपा झाला. फाटा आला की मी कान द्यायचा. डावीकडे वाजलं तर उजवीकडे वळायचं, उजवीकडे वाजलं तर डावीकडे. जिकडं वळलं की थांबेल, तिकडं जायचं. पहिल्या दिवशी आम्ही देव्हाडीच्या रस्त्यानं निघालो आणि वळत वळत एका जुन्या मुरमाच्या वाटेवर, जंगलाच्या तोंडाशी पोचलो. तिथवर येईतो भोंग्याची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी अगदी उलट्या अंगानं, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या रस्त्यानं निघालो. वळत वळत त्याच मुरमाच्या वाटेवर पोचलो.

हे आनंदले. "पाह्यलं? सगळे रस्ते इथीसाच येते. आन इथी आवाज नाई. नाई ना?"

"नाही."

"उद्या आखरीपर्यंत जाऊन पाहू."

घरी येऊन मी भाकऱ्या करायला बसले. भाकरी फुगेस्तोवर माझा हात रिकामा होता. त्या हातानं उलथन्यानं तव्याच्या काठावर काहीतरी चाळा चालवला होता. माझं लक्षही नव्हतं. मग लक्ष गेलं.

टक-टक. टक.

भाकरी करपली. मी बघत राहिले.

५

माझे वडील कवडू. आमचं गाव जंगलाच्या काठाला. त्या काळी साहेबलोक वाघाच्या शिकारीला यायचे तेव्हा गावातली माणसं हाक्याला जायची. एका अंगानं डबे, ढोल बडवत, ओरडत जनावर उठवायचं. दुसऱ्या अंगाला मचाणावर साहेब बंदूक घेऊन बसलेला. माझे वडील ओरडणाऱ्यांत नसत. त्यांचं काम वेगळं होतं. दोन्ही कडांना झाडांवर एकेक माणूस बसवलेला असे, त्यांतले ते.

मी लहान असताना विचारलं होतं, झाडावर बसून तुम्ही काय करता?

कुऱ्हाडीचा दांडा घेऊन त्यांनी ओसरीच्या खांबावर हळूच ठोकून दाखवलं होतं. टक-टक. टक.

"बस, एवढंच. जनावर कडेनं निसटाले पाहते, तवा ठोकाचं. जोरानं नाई. जोरानं ठोकलं तं भेते, आन हाका फोडून मांगं पळते. हळू ठोकलं का निस्तं कान टवकारते, आन तोंड फिरवते. त्याले वाटते का वाट आपुनच निवडली."

"मग?"

"मंग जिकडं आवाज नाई तिकडं जाते बिचारं. आन जिकडं आवाज नाई, तिकडंच बंदूक रायते, पोरी."

मी विचारलं होतं, मचाण कुठं आहे ते तुम्हाला दिसतं का वरून?

ते हसले होते. "झाडावरच्या मानसाले काय मालूम मचान कोठं हाय? त्याचं काम वळवाचं."

शिकार बंद होऊन दहा वर्षं होत आली. वडील त्याच्याही आधी गेले. आणि मी एका मोटारीच्या ढिल्या सांध्यावरून हे कुठं वाहवत चालले होते? मी स्वतःला तसं बजावलं. भाकरी टाकून दिली, नवी थापली. रात्री ह्यांच्याकडे बघितलं तर कितीतरी दिवसांनी ते गाढ झोपले होते. उद्या इंजिन परत मिळणार, ह्या भरवशावर. त्यांना मी काय म्हणून अडवायचं?

६

सकाळी मुरमाच्या वाटेला लागलो. सुरुवातीला दोनदा वाजलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही वेळा ह्यांनी हातातलं चाक किंचित फिरवलं. मग थांबलं.

नुसतं तेच थांबलं असतं तर ठीक होतं. पण सगळंच थांबलं. होला नाही, सातभाई नाहीत. इंजिनाचा आवाजसुद्धा रजईखालून यावा तसा येत होता. मला क्षणभर वाटलं, माझेही कान गेले.

हे शीळ घालत होते. त्यांना स्वतःची शीळ ऐकू येत नाही, म्हणून ती बेसूर असते. "गुळगुळीत रस्ता हाय," म्हणाले. "हाच दाखवाचा त्याले."

वाट सरळ झाली. टोकाला मोहाचं एक मोठं झाड होतं.

आमच्या भागात फाल्गुनात मोहाखालची जमीन कधी कुणी तशी ठेवत नाही. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन पोचतात. बाया नाही आल्या तर हरणं येतात, अस्वल येतं, गावची गुरं येतात. त्या झाडाखाली मोह पडला होता, पिवळट पांढरा, दाट. एकही फूल उचललेलं नव्हतं. एकाही खुराचा ठसा नव्हता. कालचा मोह होता, त्याखाली परवाचा वाळलेला, त्याखाली त्याआधीचा काळा.

मी वर बघितलं. मोहाला त्या दिवसांत पान नसतं. उघड्या फांद्या आभाळाला लागलेल्या. फक्त एका जागी, दुबेळक्यात, हिरव्यागार डहाळ्या गच्च बांधलेल्या होत्या. जांभळाच्या असाव्यात. ताज्या. नुकत्याच तोडलेल्या.

आम्ही जवळ जात होतो, तसतशी त्यांतली एक डहाळी आतून हळूच बाजूला झाली. पडदा सारावा तशी.

मी ह्यांच्या मांडीवर बोटं ठेवली. बोटं नव्हे, अख्खा हात.

"आवाज आहे!"

हे गोंधळले. "इथी तं नाई म्हनली होतीस?"

"आहे. डावीकडं. वळवा. आत्ता वळवा!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी माझ्या ओठांवर विश्वास ठेवला आहे. त्यांनी चाक डावीकडे फिरवलं, आणि गाडी वाट सोडून झाडांत घुसली, बैलगाड्यांच्या एका गाडदांडावर.

आणि मग खरोखरच वाजलं. डाव्या कानाशी, मग उजव्या, मग डोक्यावर. दर झाडाशी. आता हळू नाही, सावकाश नाही. घाईघाईनं, चिडून, लाकडावर लाकूड. मी पदर तोंडात कोंबला, डोळे मिटून घेतले आणि हातानं दाखवत राहिले, सरळ, सरळ. शेवटी ते मागे पडलं आणि माझ्या डोळ्यांवर ऊन आलं. नहराचा रस्ता होता. एक माणूस सायकलवर दुधाचे डबे बांधून चालला होता.

ह्यांनी गाडी थांबवली. "कोन्या बाजूनं होता?"

"सगळ्या बाजूंनी," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यांनी चाकावरून हात काढून मांडीवर ठेवले. बोटं पुन्हा मिटली होती. "मंग काई नाई होत," म्हणाले.

त्या संध्याकाळी ते भय्याजींच्या पुढं उभे राहिले आणि सांगितलं, "मले आयकू येत नाई, भय्याजी. किती दिवसांचं येत नाई." एवढं बोलून घरी आले. गाडी पुन्हा कोंड्याच्या गोदामात गेली. इंजिन दुसऱ्याच्या हाती कायमचं गेलं, आणि ह्यांनी पोती शिवायलाही जाणं सोडलं.

मला वाटलं, इंजिन गेलं, पण माणूस वाचला. हिशोब बरोबर आहे.

७

उन्हाळ्यात हे अंगणात निंबाखाली बाज टाकून असत. एक दिवस बघते तर बाज निंबापासून दूर, फाटकाकडे सरकवलेली.

"सावली सोडून तिकडं काहून?"

"तिकडं बरं नाई वाटत," म्हणाले. "कोनीतरी ठोकून राह्यलं."

मी जवळ जाऊन त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं, "काय ठोकतं?"

त्यांनी बाजेच्या माचव्यावर बोटानं वाजवून दाखवलं. दोनदा. थांबून, एकदा. माझी हाक ज्यांना पोचत नाही, त्यांना हे पोचत होतं. मला मात्र काहीएक ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाज फाटकाशी. तिसऱ्या दिवशी फाटक उघडं, आणि हे रस्त्यात उभे, नाकाडोंगरीच्या दिशेला, जंगलाकडे तोंड करून. शकुनबाईंनी धरून आणलं. "कुठी चाल्ले होते भाऊ, चप्पल बी नाई पायात?"

त्या दिवशी मी घरामागच्या सांदवाडीतून कुऱ्हाडीचा एक जुना दांडा शोधून काढला.

आता मी फाटकाशी बसते. हे फाटकाकडे यायला लागले की मी खांबावर ठोकते. ओरडत नाही, धरत नाही. हळू. टक-टक. टक. हे थबकतात, कान टवकारतात आणि तोंड फिरवतात. त्यांना वाटतं, आपणच परत फिरलो.

काम चांगलं चाललं. वैशाखात बाज फाटकापासून निंबाखाली आली. पाऊस लागला तशी ओसरीवर आली. मग आत, मधल्या खोलीत. बाज जसजशी आत गेली तसतशी मीही फाटकावरून ओसरीवर, ओसरीवरून चौकटीशी आले. त्यांची पाठ दिसली की मला हायसं वाटतं. हात दुखतो, खांद्यापासून. रात्री तेल लावते. शकुनबाई म्हणतात, "बाई, तुमी बी झोपत जा, पार वाळल्या तुमी." पण झोपले तर ठोकणार कोण.

बाहेरचं ठोकणं थांबलं, असं हे एकदा म्हणाले. त्यानंतर बऱ्याच दिवसांत त्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, दमले असतील ठोकणारे. जिंकले मी.

आज दुपारी हे मधली खोली सोडून त्याच्याही आत गेले, धान साठवायची ढोली आहे त्या मागच्या खोलीत. घरातली सगळ्यात आतली खोली. मला बरं वाटलं. मी चौकटीवर ठोकत होते आणि हात इतका भरून आला की दांडा खाली ठेवला.

तेव्हा लक्षात आलं. बाहेर पाऊस पडत होता, शकुनबाईंची शेळी ओरडत होती. माझ्यामागचं अंगण नेहमीसारखं वाजत होतं. पण पुढं, त्या खोलीतून, काहीच येत नव्हतं. ढोलीमागच्या उंदरांची खुडबुड नाही. कौलांवर पाऊस पडतच होता, तिथल्या कौलांवर मात्र वाजत नव्हता. आषाढ लागलाय, मोहाचे दिवस केव्हाच सरले. तरी आतून मोहाचा वास येत होता, जुन्या, न उचललेल्या मोहाचा.

वडलांना मी विचारलं होतं, मचाण कुठं ते दिसतं का वरून.

मी हाक मारली. ऐकू जाणार नाही हे माहीत असून मारली. आतून ह्यांचा आवाज आला, फार दिवसांनी इतका मोकळा, समाधानी.

"अवो, इथी ये ना. इथी काईच आवाज नाई."